मुक्तीनंतरची बचत : फ्रीडमन्स बँकेचा इतिहास आणि आपला जमाखर्च

१

दलित साहित्याने कर्जाविषयी पुष्कळ लिहिले. सावकाराची वही, वेठबिगार, पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभा राहणारा व्याजखोर, लग्नासाठी गहाण पडलेली भांडी, या साऱ्यांची नोंद आमच्या आत्मकथनांत आणि कवितांत झाली आहे. ती व्हायलाच हवी होती. बचतीविषयी मात्र आम्ही जवळजवळ काहीच लिहिले नाही. ज्याच्या हाती महिनाअखेर काही उरतच नाही त्याने बचतीवर काय लिहावे, असा त्यामागचा सरळ हिशेब असावा.

पण हा हिशेब आज सगळ्यांनाच लागू नाही. शिक्षण आणि राखीव जागा यांच्या बळावर आमच्यात पगारदारांचा एक लहानसा, पण खरा वर्ग उभा राहिला आहे. शिक्षक, कारकून, परिचारिका, रेल्वेतला कामगार, नगरपालिकेतला कायम झालेला सफाई कामगार. त्याच्या घरी महिन्याकाठी थोडे काही उरते. निवृत्तीच्या दिवशी भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम हाती येते. घरात एवढी रक्कम पाहणारी ती बहुधा पहिलीच पिढी असते. मग सल्ला देणारे जमतात. एजंट येतो, साहेब सांगतो, मेव्हणा आग्रह धरतो. या पैशात धोका कुठे आहे, तो कोण ठरवतो आणि तो शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. पैसा कुठे गुंतवावा हे सांगणे माझे काम नाही आणि तो या लेखाचा हेतूही नाही. पण अमेरिकेचे यादवी युद्ध वर्गात शिकवताना ३ मार्च १८६५ या तारखेपाशी मी नेहमी थांबतो. त्या दिवशी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या. एकाने मुक्त झालेल्या गुलामांसाठी एक सरकारी खाते उघडले गेले. त्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सापडतो. दुसऱ्याने त्याच माणसांसाठी एक बचत बँक स्थापन झाली. तिचा उल्लेख सहसा नसतो. 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी' हे तिचे नाव. ती नऊ वर्षे जगली आणि बुडाली. तिच्या बुडण्यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉय यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले. १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. त्यांचा विद्रोह आपण वाचला, त्यांची कविता वाचली. त्यांचा जमाखर्च मात्र वाचायचा राहिला.

२

या बँकेची कल्पना युद्धातच जन्मली. उत्तरेच्या सैन्यात काळे सैनिक भरती झाले. त्यांना पगार आणि भरतीचे बक्षीस मिळू लागले. आयुष्यात प्रथमच ज्यांच्या हाती मजुरीचा पैसा आला अशी ही माणसे. त्यांचे पैसे सांभाळण्यासाठी नॉरफोक, ब्यूफोर्ट अशा ठिकाणी लष्करी अधिकाऱ्यांनी लहान बचत बँका काढल्या. त्या चालल्या. हे पाहून जॉन अल्व्हर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने न्यूयॉर्कच्या व्यापारी आणि परोपकारी मंडळींना एकत्र केले आणि अमेरिकन काँग्रेसकडून एका मोठ्या बँकेची सनद मिळवली.

सनदेतली मूळ तरतूद नीट पाहण्यासारखी आहे. ठेवींपैकी किमान दोन तृतीयांश रक्कम अमेरिकन सरकारच्या रोख्यांत गुंतवायची आणि उरलेली ठेवीदारांना परत देण्यासाठी हाताशी राखायची. कर्ज वाटण्याला जागाच नव्हती. गरिबाच्या पैशाला जेवढे सुरक्षित ठेवता येईल तेवढे कागदावर ठेवले होते.

पण त्याच कागदात दोन गोष्टी नव्हत्या. एक, सरकारची हमी. काँग्रेसने सनद दिली, पण ठेव बुडाली तर सरकार भरून देईल असे एक अक्षरही तीत नव्हते. दुसरी, भागभांडवल. ही बँक भागधारकांची नव्हती. विश्वस्त होते ५०, पण त्यांनी स्वतःचा डॉलर घातलेला नव्हता. भागधारकांच्या बँकेत तोटा आला तर तो आधी मालकांच्या भांडवलावर पडतो, ते संपले की ठेवीदारावर. इथे मध्ये कोणीच नव्हते. तोट्याचा पहिला डॉलरही धोबिणीच्या आणि शेतमजुराच्या खात्यातून जाणार होता. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

सांगितले गेले ते वेगळेच. अल्व्हर्ड हे बँकेचे प्रवर्तक होते आणि सरकारी फ्रीडमन्स ब्यूरोच्या शाळांचे मुख्य अधीक्षकही होते. ब्यूरोचे अधिकारी, शाळामास्तर, चर्चचे उपदेशक बचतीचे महत्त्व सांगत आणि त्याच दमात बँकेचे नाव घेत. बँकेच्या कागदांवर लिंकन यांचे चित्र असे, राष्ट्रध्वज असे. ज्याने आपल्याला मुक्त केले त्यानेच ही बँक दिली, मग ती बुडेल कशी? लोकांनी तिला सरकारची बँक मानले. तो त्यांचा भाबडेपणा नव्हता. त्यांच्यापुढे जे ठेवले गेले त्यातून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

मुक्त झालेल्या माणसाला तेव्हा खरोखर काय हवे होते हेही विसरता येत नाही. त्याला जमीन हवी होती. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या हुकुमाने किनारपट्टीतली जमीन कुटुंबामागे ४० एकरपर्यंत वाटायला सुरुवात झाली होती. लिंकन यांच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत दिली. जमीन गेली, बचतीचा उपदेश तेवढा उरला. काटकसर करा, पैसे साठवा, मग जमीन विकत घ्या. अडीचशे वर्षे ज्यांच्या मजुरीचा एक सेंटही दिला नव्हता त्यांना काटकसर शिकवली जात होती. १९५९ आणि १९६४ चे दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह ज्यांना आठवतात त्यांना या उपदेशातली विसंगती वेगळी समजावून सांगायला नको.

आणि तरीही त्या माणसांनी बचत केली. अफाट केली. पाच सेंटपासून ठेव घेतली जाई. नऊ वर्षांत १७ राज्यांत आणि राजधानीत मिळून ३७ शाखा निघाल्या आणि एकूण पाच कोटींहून अधिक डॉलर जमा झाले. त्यातले बरेचसे लोकांनी काढूनही घेतले. कुणी जमिनीचा तुकडा घेतला, कुणी खेचर, कुणी बियाणे, कुणी मुलांची शाळा. गुलामीत राहिलेला माणूस उधळा आणि आळशी असतो हा गोऱ्या मालकांचा सिद्धान्त या खातेवह्यांनी खोटा पाडला.

त्या वह्या आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. खाते उघडताना कारकून ठेवीदाराला विचारत असे : जन्म कुठे, पूर्वीचा मालक कोण, आईबाप कोण, भावंडे किती आणि ती कुठे विकली गेली. ज्यांची नावे गुलामांच्या यादीत वयाने आणि किमतीने नोंदली जात होती ती इथे प्रथमच नात्यांसह लिहिली गेली. या वह्यांत सुमारे ४ लाख ८० हजार नावे आहेत. आपल्या पूर्वजांचा माग काढणारी अमेरिकेतली काळी कुटुंबे आज त्या चाळतात. बुडालेल्या बँकेने मागे ठेवलेली ही एकच ठेव सुरक्षित राहिली.

३

आता मुख्य प्रश्न. दोन तृतीयांश पैसा सरकारी रोख्यांत असलेली बँक बुडते कशी?

१८६७ मध्ये बँकेचे मुख्यालय न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला आले. पैशाचे निर्णय घेणारी समिती हेन्री कूक यांच्या हाती गेली. हेन्री हे त्या काळच्या सर्वांत मोठ्या पेढीवाल्याचे, जे कूक यांचे भाऊ. बँकेचा खर्च वाढत होता. ३० हून अधिक शाखा होत्या आणि ट्रेझरीच्या समोर अडीच लाख डॉलरांहून अधिक खर्चाची भव्य इमारत उभी राहत होती. ठेवीदारांना सहा टक्क्यांपर्यंत व्याज देण्याचा डंका पिटला जात होता. निव्वळ सरकारी रोख्यांच्या उत्पन्नातून हे भागणे कठीण. तेव्हा विश्वस्तांनी काँग्रेसकडे जाऊन सनदच बदलून घेतली. मे १८७० च्या दुरुस्तीने ठेवींचा मोठा हिस्सा जमीन-इमारतींच्या तारणावर कर्जाऊ देण्याची मुभा मिळाली.

ही दुरुस्ती म्हणजे या इतिहासाचा कणा आहे. ठेवीदाराने काहीच बदलले नव्हते. त्याचे पासबुक तेच, त्यावरची शिल्लक तीच, शाखेतला कारकून तोच, भिंतीवरचे लिंकन तेच. पण आदल्या दिवशी त्याचा पैसा सरकारकडे होता आणि दुसऱ्या दिवसापासून तो राजधानीतल्या जमिनीच्या सट्ट्यात जाऊ शकत होता. जोखीम बदलली आणि जोखीम घेणाऱ्याला कळलेही नाही. त्याला विचारण्याची पद्धतच नव्हती.

कर्जे कोणाला गेली? दक्षिणेतल्या ज्या शेतमजुरांनी ठेवी ठेवल्या त्यांना नव्हे. दक्षिणेच्या गावागावांतून गोळा झालेला पैसा वॉशिंग्टनला वाहत गेला आणि तिथल्या कंत्राटदारांत, जमीनमालकांत, ओळखीच्या माणसांत वाटला गेला. मेरीलँडमधल्या सेनेका दगडाच्या खाणीच्या कंपनीला कर्ज मिळाले. त्या कंपनीत कूक यांचे हितसंबंध होते. हेन्री कूक १८७१ मध्ये राजधानी प्रदेशाचे गव्हर्नर झाले, तेव्हा शहरात रस्ते आणि गटारे यांच्या कामांची धूम होती. जे कूक यांच्या पेढीला बँकेचे पाच लाख डॉलर पाच टक्क्यांनी वापरायला मिळाले, तेही बँक स्वतः ठेवीदारांना सहा टक्के देत असताना. गरिबाने श्रीमंताला दिलेले हे अनुदान होते. त्याला बँकिंग म्हणायचे तर लुटीला वेगळा शब्द शोधावा लागेल.

सप्टेंबर १८७३ मध्ये जे कूक यांची पेढी बसली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे रोखे त्यांना खपवता आले नव्हते. त्यातून देशभर घबराट पसरली, बँकांच्या दारांत रांगा लागल्या. फ्रीडमन्स बँकेच्या दारातही लागल्या. इथे जोखमीचा दुसरा चेहरा दिसतो. जमिनीच्या तारणावर दिलेले कर्ज कागदावर बुडीत नसेलही, पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला कर्जाचा कागद देता येत नाही. तिला रोकड हवी. बँकेने हाताशी होते तेवढे सरकारी रोखे विकले, म्हणजे जे सुरक्षित होते ते आधी गेले आणि अडकलेले मागे उरले.

४

मार्च १८७४ मध्ये या बँकेच्या अध्यक्षपदी फ्रेडरिक डग्लस यांची निवड झाली. गुलामगिरीतून पळून आलेला, स्वतः शिकलेला, काळ्या समाजाचा सर्वांत मोठा वक्ता आणि नेता. कूक १८७२ मध्येच बाहेर पडले होते. मोठे गोरे विश्वस्त एकेक करून पाय काढत होते आणि काळ्या विश्वस्तांच्या हाती कारभार येत होता. घर जळू लागल्यावर त्याच्या किल्ल्या सन्मानाने सुपूर्द कराव्यात तसा हा प्रकार. डग्लस यांच्या नावाने ठेवीदारांचा विश्वास परत येईल असा हिशेब होता. डग्लस यांनी आपले १०,००० डॉलर बँकेला उसने दिले. मग त्यांनी वह्या पाहिल्या. सरकारी तपासनिसाच्या पाहणीत दोन लाख डॉलरांहून अधिक तूट निघालेली होती. बँक वाचत नाही हे लक्षात येताच त्यांनी ते काँग्रेसपुढे उघड सांगितले आणि जून १८७४ अखेर बँक बंद झाली.

तेव्हा ६१,१४४ ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर तीत अडकलेले होते. सरासरी काढली तर माणशी पन्नासच्या आसपास डॉलर भरतात. श्रीमंताला ती रक्कम नगण्य. शेतमजुराला मात्र ती म्हणजे वर्षानुवर्षांची काटछाट, होऊ न शकलेली जमीन आणि न झालेले घर.

१८७५ ते १८८३ या काळात पाच हप्त्यांत एकूण ६२ टक्के रक्कम वाटण्यात आली. पण ती मागणी करणाऱ्यांना. पासबुक वॉशिंग्टनला पाठवावे लागे. ज्याला लिहिता येत नाही, जो गाव सोडून गेला, ज्याचे पासबुक हरवले, जो वारला, त्याला ते शक्य नव्हते. अनेकांना एक सेंटही मिळाला नाही. सेनेटने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे सेनेटर ब्लांच ब्रूस, जे स्वतः गुलामीत जन्मले होते. १८८० मध्ये समितीचा अहवाल आला. सरकारने उरलेले पैसे भरून द्यावेत ही मागणी पुढे कितीतरी वर्षे होत राहिली. काँग्रेसने ती कधीच मान्य केली नाही.

पुढे डू बॉय यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात लिहिले की पैशाच्या हानीहून माणसांचा बचतीवरचा विश्वास गेला ही हानी मोठी होती. पैसा ज्यांचा गेला ते ६१ हजार. पण बँकेत पैसा ठेवू नये, हे शहाणपण त्यांनी आपल्या मुलांना आणि नातवंडांना दिले. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारने त्या जागेवरच्या ट्रेझरीच्या इमारतीला फ्रीडमन्स बँकेचे नाव दिले. स्मरण झाले. भरपाई झाली नाही.

५

आता या इतिहासातून जोखीम या शब्दाचा अर्थ काढू.

आपल्याकडे जोखीम म्हटले की जुगार आठवतो. जो लोभी तो जोखीम घेतो आणि बुडतो, जो सज्जन तो सुरक्षित राहतो, असा नैतिक अर्थ त्या शब्दाला चिकटला आहे. फ्रीडमन्स बँकेचे ठेवीदार लोभी नव्हते. त्यांनी सर्वांत सुरक्षित वाटलेली जागा निवडली होती. तरी ते बुडाले. म्हणजे जोखीम ठेवणाऱ्याच्या स्वभावात नसते. पैसा त्याच्या हातातून सुटल्यावर जिथे जातो तिथे ती असते. पासबुक ही पैशाची फक्त पावती. पैसा पासबुकात नसतो. तो कुणाच्या तरी इमारतीत, खाणीत, रेल्वेत गेलेला असतो. तो कुठे गेला हे ज्याला माहीत नाही त्याला आपण किती जोखीम घेतली हेही माहीत नाही.

मग पैसा ट्रंकेतच ठेवावा का? बँक बुडाल्यावर दक्षिणेतल्या कित्येकांनी तेच केले. पण तिथेही सुटका नाही. शंभर रुपये पेटीत ठेवले आणि वर्षात भाव सहा टक्क्यांनी वाढले तर शंभराला मिळणाऱ्या वस्तूंना १०६ रुपये लागतील. चार टक्के व्याजावर बँकेत ठेवले तरी हाती येतील १०४. कोणी चोरले नाही, कोणी बुडवले नाही, तरी मुद्दल झिजले. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या विनिमयाचा इतिहास तपासताना नेमक्या या झिजेवर बोट ठेवले. रुपयाचे मोल घसरले की निर्यातदाराला नफा होतो असे म्हणतात. पण भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून तो नफा मजुराच्या ताटातून येतो, असे त्यांनी दाखवले. चलनाची किंमत स्थिर राहावी हा त्यांचा आग्रह मजुराच्या बाजूचा होता.

तेव्हा बुडण्याची जोखीम एक आणि झिजण्याची दुसरी. तिसरी अडकण्याची : पैसा शाबूत आहे, पण आजारपणात किंवा मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी हाती येत नाही. या तिन्हींतून एकाच वेळी पूर्ण सुटका देणारी जागा जगात नाही. जो ती देतो असे सांगतो त्याच्यापासून सावध राहावे, कारण जास्त व्याज हे बहुधा जास्त जोखमीचेच दुसरे नाव असते आणि जोखमीचा उल्लेख न करता जास्त व्याज देणारा ती लपवत असतो.

आणखी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येते, पण आपल्या अनुभवाने ती जास्त कळते. तोटा सगळ्यांना सारखा नसतो. ज्याच्या मागे वडिलोपार्जित घर आहे, शेत आहे, उसने देणारे दहा नातलग आहेत, त्याचे दोन लाख बाजारात निम्मे झाले तर तो भाव सुधारेपर्यंत थांबू शकतो. आमच्या पगारदाराच्या मागे बहुधा घेणारे नातलग असतात, देणारे नसतात. त्याला थांबता येत नाही. भाव पडलेला असतानाच त्याला विकावे लागते. म्हणून शेअर बाजारात पैसा घालणे हे एकाला गुंतवणूक आणि दुसऱ्याला जुगार ठरू शकते. फरक बुद्धीचा नाही, पाठीशी काय आहे याचा आहे.

६

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर अगदीच शोधले गेले नाही असे नाही. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. आरंभी माणशी १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला हमी होती. १९९३ मध्ये ही मर्यादा १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपये आहे. १८७४ च्या धोबिणीला जे मिळाले नाही ते हेच.

पण ही हमी कुठे संपते हे आपल्या वस्त्यांत किती जणांना ठाऊक आहे? ती व्यापारी बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांना आहे. पतसंस्थेला नाही. भिशीला नाही. दामदुपटीच्या योजनेला नाही. पतसंस्थेच्या पाटीवर 'सहकारी' आणि 'मर्यादित' हे शब्द असतात, नोंदणी क्रमांक असतो, उद्घाटनाला मंत्री आलेले असतात. लिंकनच्या चित्राचे काम इथे मंत्र्यांचे छायाचित्र करते. माझे थोरले भाऊ नगरपालिकेतून निवृत्त झाले तेव्हा बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून त्यांनी उपदानाची रक्कम गावातल्या एका पतसंस्थेत ठेवली. संचालकांनी कर्जे आपापसांत वाटली होती. संस्थेचे दार बंद झाले तेव्हा भावाने पावती काढून मला दाखवली. तिच्यावर शिक्का होता, सही होती. हमी कुठेच नव्हती.

सरकारी वाटणे आणि सरकारी असणे यांतला फरक मोठ्या जागीही दिसला आहे. १९६४ साली निघालेल्या युनिट ट्रस्टच्या 'यूएस-६४' योजनेत लाखो मध्यमवर्गीयांनी सरकारची योजना म्हणून पैसे ठेवले. त्यातला मोठा भाग शेअर बाजारात होता. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली, तेव्हा लोकांना ते कळले. पुढे सरकारला लहान गुंतवणूकदारांसाठी धावून यावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि आरंभी ठेवीदाराला केवळ १,००० रुपये काढता येतील असे जाहीर झाले. तिची बहुतांश कर्जे एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेली होती. १८७० चे वॉशिंग्टन आणि २०१९ ची मुंबई यांत अंतर फार नाही.

७

या ठिकाणी मला कार्यकर्त्यांशी आणि शिक्षकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. फ्रीडमन्स बँकेला ठेवी मिळाल्या त्या व्याजदरामुळे नव्हेत. शाळामास्तरांच्या आणि उपदेशकांच्या शब्दावर मिळाल्या. शेवटी ती डग्लस यांच्या नावावर तगवण्याचा प्रयत्न झाला. ज्या समाजाला बाहेरच्यांवर विश्वास ठेवायला इतिहासाने जागा ठेवली नाही तो आपल्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. हे आपले बळ आहे आणि आपल्याला लुटण्याचा सोपा रस्ताही तोच आहे. म्हणून दामदुपटीच्या योजना वस्तीत येतात तेव्हा त्यांना पहिला एजंट म्हणून आपल्यातलाच शिक्षक हवा असतो. त्याला दलाली मिळते आणि वस्तीचा विश्वास त्यांना मिळतो. साखळी योजनांवर बंदीचा कायदा १९७८ पासून आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून आहे. पण कायदा बहुतेक वेळा पैसा गेल्यावर येतो. आपला शब्द आधी जातो. डग्लस यांनी हिशेब पाहिला आणि सत्य सांगितले, पण त्यांना वह्या दाखवल्या गेल्या त्या खूप उशिरा. आपण आपले नाव देण्याआधी वह्या मागितल्या पाहिजेत.

आणि मागायचे काय? फार थोडे. हा पैसा इथून पुढे कुठे जातो? तो बुडाला तर भरून कोण देणार, आणि ते कोणत्या कायद्यात लिहिले आहे? मला हवा त्या दिवशी तो परत मिळेल का? मला न विचारता त्याची जागा बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? हे चार प्रश्न आठवीतल्या मुलीलाही पाठ होतील. पाचवा ज्याने त्याने स्वतःला विचारायचा : यातले किती गेले तरी माझे घर उभे राहील? जेवढे जाऊ शकते तेवढेच जोखमीत घालावे. अडीनडीचा पैसा पोस्टात किंवा बँकेत वेगळा असावा. एकाच विहिरीच्या भरवशावर सगळे शिवार पेरू नये हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. तेच इथे.

पण केवळ सावध राहून भागणार नाही. रिचमंडमध्ये १९०३ साली मॅगी लीना वॉकर या बाईने 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' काढली. तिची आई गुलामीत राहिलेली, घर धोबीकामावर चाललेले. अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या बँकेत नाण्यानाण्याने ठेवी आल्या, पण कर्जेही त्याच वस्तीतल्या काळ्या कुटुंबांना घरांसाठी मिळाली. वहीत काय चालले आहे हे ठेवीदारांच्या संघटनेला दिसत होते. १९३० च्या आसपास ती इतर दोन बँकांत विलीन होऊन मंदीतूनही तगली. पहिल्या बँकेच्या राखेतून समाजाने घेतलेला हा धडा होता : बचत सोडायची नाही, तिच्यावरचा ताबा सोडायचा नाही.

बचत हा गरिबीवरचा उपाय नव्हे. जमीन, रोजगार आणि शिक्षण यांची मागणी बचतीच्या उपदेशाने बाजूला सारता येणार नाही. १८६५ मध्ये ती तशी सारली गेली आणि त्याचे फळ इतिहासापुढे आहे. पण ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची कोठारे भरली त्या हातांत आज जे चार पैसे आले आहेत, ते पुन्हा दुसऱ्यांच्या इमारतींचा पाया होऊ नयेत, हा प्रश्न व्याजदराचा नाही. तो सत्तेचा आहे. शिकलेल्या माणसाने वस्तीत जाऊन जाहीरनामा वाचून दाखवायचा, तसे यापुढे ठेवीच्या पावतीमागचे बारीक अक्षरही वाचून दाखवायला हवे.